उभ्या रेषेची स्लाइड काढू नका

वाचकाचे पत्र

मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवते. रेषीय समीकरणांचे आलेख हा घटक मी या वर्षी जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने शिकवला आणि त्यावर कृतिसंशोधन केले. वर्गात ३८ मुले आहेत. आठ तासिका झाल्या. आधी आणि नंतर २० गुणांची एकच चाचणी घेतली. सरासरी ९.२ वरून १३.१ वर गेली आणि ७३.६८ टक्के मुलांचे गुण वाढले. गणितशिक्षकांच्या परिषदेत हे मांडण्यासाठी मला १५ मिनिटे मिळाली आहेत, त्यांतली शेवटची ५ प्रश्नोत्तरांची. माझ्या ४२ स्लाइड तयार आहेत आणि त्यांतले काय गाळावे ते कळत नाही. दुसरी अडचण अशी, की एका प्रश्नात मुले मागे गेली. ‘क्ष = ४ या समीकरणाचा आलेख काढा’ हा प्रश्न आधी २१ जणांनी बरोबर सोडवला होता; नंतर तो १४ जणांनाच आला. सहकारी म्हणतात, ही स्लाइड काढून टाका, लोक तेवढेच धरून बसतील. शिवाय माझ्याकडे नियंत्रित गट, म्हणजे जिओजेब्राशिवाय शिकलेला तुलनेचा दुसरा वर्ग, नाही. त्याबद्दल कोणी विचारले तर काय सांगावे? प्रात्यक्षिक सभागृहात थेट करून दाखवावे का, हेही सांगावे. सोबत स्लाइडची आणि जिओजेब्राची फाइल व माझ्या निरीक्षण नोंदी पाठवत आहे.

— एक गणितशिक्षिका

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

पाठवलेले सगळे वाचले. उत्तर आधीच सांगून टाकतो: ती स्लाइड काढू नका. आज ती ३४ व्या क्रमांकावर आहे, तिला दुसऱ्या क्रमांकावर आणा. ४२ पैकी काय ठेवावे हा पेच पडतो तो मांडणीला कणा नसला की पडतो, आणि आपल्या मांडणीचा कणा नेमका तोच आहे, जो आपले सहकारी काढून टाका म्हणत आहेत. सरासरी चार गुणांनी वाढली याचे कोणाला नवल वाटणार नाही, कारण आठ तासिका मन लावून शिकवल्यावर गुण थोडेफार वाढतातच. पण संगणकावर शेकडो रेषा हलवून पाहिलेली मुले एक साधी उभी रेषा काढण्यात चुकू लागली, हे ऐकल्यावर सभागृहातले गणितशिक्षक कान टवकारतील, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांनी तीच फाइल थोड्याफार फरकाने आपापल्या वर्गात वापरलेली असेल.

हे का घडले असावे, ते आधी पाहू, कारण मांडणी त्यावर उभी राहणार आहे. आपल्या फाइलीत य = मक्ष + क हे समीकरण आहे (म म्हणजे रेषेचा चढ, क म्हणजे ती य-अक्षाला जिथे छेदते तो आकडा) आणि म व क यांचे दोन स्लायडर, म्हणजे ओढून आकडा बदलायच्या पट्ट्या, आहेत. दोन्हींच्या मर्यादा उणे ५ ते ५ आणि पायरी ०.१ ची आहे. हे आकडे बहुधा आपण मुद्दाम ठरवलेले नाहीत, नवा स्लायडर घेतला की जिओजेब्रा ते आपणहून देते. म ५ पर्यंत नेला की रेषा क्ष-अक्षाशी सुमारे ७८.७ अंशांचा कोन करते. मर्यादा वाढवून १० केली असती, तर कोन ८४.३ अंशांपर्यंत गेला असता आणि १०० केली असती, तर ८९.४ अंशांपर्यंत, ९० मात्र कधीच झाला नसता. म्हणजे मुलांनी आठ तासिका ज्या चौकटीत रेषा पाहिल्या, त्या चौकटीत उभी रेषा निर्माणच होऊ शकत नाही. आडवी रेषा होते, कारण म शून्यावर आणता येतो; आणि आपल्या नोंदींनुसार य = ३ सारखा प्रश्न मुलांना नंतर अधिक चांगला आला, ते या तर्काशी जुळते.

मग क्ष = ४ पाहिल्यावर मुलाच्या मनात काय होत असेल? माझा अंदाज असा, की त्याला आता प्रत्येक समीकरण ‘य बरोबर काहीतरी’ या रूपात दिसते, आणि एकटा उरलेला आकडा म्हणजे क, अशी सवय बोटांना लागलेली आहे. तो ४ ला क समजतो आणि य-अक्षावर ४ पाशी आडवी रेषा ओढून मोकळा होतो. हा अंदाज खरा की खोटा, ते आपल्या कपाटातल्या उत्तरपत्रिका सांगतील. उत्तरचाचणीत चुकलेल्या २४ जणांच्या आकृत्या समोर घ्या आणि त्यांचे गठ्ठे करा: आडवी रेषा काढणारे किती, तिरकी काढणारे किती, नुसता एक बिंदू देणारे किती आणि जागा कोरी सोडणारे किती. तासाभराचे काम आहे. आडव्या रेषांचा गठ्ठा मोठा निघाला, तर आपल्या हाती निष्कर्षच आला असे समजा. कोऱ्या जागा जास्त निघाल्या, तर माझा अंदाज चुकला आणि कारण दुसरे आहे. कदाचित तो प्रश्न चाचणीत शेवटी होता आणि तास संपला, असेही असू शकेल. मांडणीत मग तेच सांगायचे.

त्याच वेळी आणखी एक मोजणी करा. २१ चे १४ झाले, म्हणजे सात मुले मागे गेली असे आपण लिहिले आहे. ते बरोबर असेलच असे नाही. बरोबरची सात चुकली आणि बाकी सगळी जिथल्या तिथे राहिली, तरी २१ चे १४ होतात. आणि बरोबरची १७ चुकून चुकीची १० सुधारली, तरीही २१ चे १४ च होतात. या दोन वर्गांच्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. म्हणून चार घरांचा छोटा तक्ता करा: दोन्ही वेळा बरोबर, आधी बरोबर नंतर चूक, आधी चूक नंतर बरोबर, दोन्ही वेळा चूक. गणितशिक्षकांसमोर मांडताना हा तक्ता नसेल, तर पहिला हात त्याच्यासाठीच वर होईल.

इथे एक गोष्ट मात्र जपून बोला. ‘तंत्रज्ञानामुळे मुलांचे नुकसान झाले’ असे वाक्य तोंडून जाऊ देऊ नका. जिओजेब्राच्या इनपुटच्या जागी इंग्रजी अक्षरांत हेच क्ष = ४ टाइप केले, तर ते क्षणात उभी रेषा काढून देते. मर्यादा सॉफ्टवेअरची नाही, त्यात आपण केलेल्या फाइलीची आहे. आणि ती आपली एकटीची नाही, पाठ्यपुस्तकातले चढाचे रूप जसेच्या तसे स्लायडरवर चढवणाऱ्या कोणाचीही ती झाली असती. हा भेद सभागृहात स्पष्ट शब्दांत मांडला, की आपले संशोधन ‘तंत्रज्ञान चांगले की वाईट’ या कंटाळवाण्या वादातून सुटते आणि ‘फाइल कशी केली म्हणजे मूल काय शिकते’ या कामाच्या प्रश्नावर येते. शिक्षणातल्या माध्यमांचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये असे मांडले होते, की माध्यमे शिकवणे पोहोचवणारी वाहने आहेत. किराणा माल आणणाऱ्या ट्रकमुळे जसे लोकांचे पोषण सुधारत नाही, तसे माध्यमामुळे शिकणे सुधारत नाही. पुढे रॉबर्ट कोझ्मा यांनी या मताला विरोध केला आणि वाद बरीच वर्षे चालला. आपल्या उभ्या रेषेपुरते पाहिले तर मला स्वतःला क्लार्क पूर्ण पटत नाहीत, कारण इथे ट्रकच्या रचनेनेच एक माल उतरू दिलेला नाही. पण हा वाद स्लाइडवर आणू नका. कोणी विचारले, तर उत्तरात वापरा.

आता शीर्षक. ‘गणित अध्यापनात तंत्रज्ञानाच्या वापराची परिणामकारकता : एक अभ्यास’ हे शीर्षक इतके सर्वसमावेशक आहे, की त्याखाली कोणाचेही कोणतेही संशोधन बसेल. ‘स्लायडरने रेषा शिकताना उभी रेषा कुठे जाते?’ असे काहीतरी करा. आयोजकांनी कार्यक्रमपत्रिका छापली असेल, तर तिथले शीर्षक राहू द्या आणि पहिल्या स्लाइडवर हे उपशीर्षक म्हणून घाला.

काय गाळावे, ते आता सोपे होईल. तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या नऊ स्लाइड जाऊ द्यात. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही संगणकभाषा केली, कॅसिओने १९८५ मध्ये आलेख काढणारा कॅल्क्युलेटर बाजारात आणला, मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्गमध्ये २००१ च्या सुमारास जिओजेब्राला सुरुवात केली, ही सगळी माहिती खरी आहे आणि मलाही ती आवडते. पण आपल्या दहा मिनिटांत तिच्यासाठी अर्धे मिनिटही नाही. उद्दिष्टे, परिकल्पना, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, संबंधित साहित्याचा आढावा या अहवालातल्या प्रकरणांना एकेक स्लाइड देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती अहवालाची गरज आहे, ऐकणाऱ्याची नव्हे. अहवाल छापून सोबत न्या, ज्याला हवा तो घेईल. सॉफ्टवेअरची बटणे समजावणाऱ्या सहा स्लाइडही नकोत; श्रोते गणितशिक्षक आहेत. मुले संगणकासमोर हसत बसली आहेत, अशी चार छायाचित्रे आहेत, त्यांविषयी पुढे बोलतो. एवढे गेले, की उरलेल्यांतून आठ-नऊच स्लाइड निवडा, दहा मिनिटांना त्या पुष्कळ होतात.

सुरुवात एका उत्तरपत्रिकेने करा. आडवी रेषा काढलेल्या एखाद्या मुलाची आकृती, नाव झाकून, पडदाभर मोठी दाखवा; वर प्रश्न लिहा: क्ष = ४ चा आलेख काढा. आणि थांबा. मोजून दहा सेकंद काहीही बोलू नका. व्यासपीठावर दहा सेकंद फार लांब वाटतात, पण तेवढ्यात सभागृहातले लोक ती चूक स्वतः ओळखतात आणि मनातल्या मनात कारण शोधायला लागतात. नंतर एवढेच सांगा, की या मुलाने पूर्वचाचणीत हाच प्रश्न बरोबर सोडवला होता, मधल्या काळात मी त्याला आठ तासिका जिओजेब्रावर शिकवले. (त्यासाठी चार घरांच्या तक्त्यातल्या ‘आधी बरोबर नंतर चूक’ या घरातलेच मूल निवडावे लागेल, हे लक्षात घ्या.) यापुढे आपले म्हणणे ऐकायला कोणाला विनवावे लागणार नाही.

आकड्यांविषयी थोडे परखड लिहितो, राग मानू नये. ७३.६८ टक्के हा आकडा काढून टाका. ३८ पैकी २८ असे लिहा. आपल्या वर्गात एक मूल म्हणजेच २.६३ टक्के होते. तिथे दशांशचिन्हानंतरची दोन स्थळे लिहिली, की नसलेल्या काटेकोरपणाचा आव येतो आणि गणिताच्या लोकांना तो चटकन खुपतो. शिवाय २८ जणांचे वाढले, मग उरलेल्या दहांचे काय झाले? पत्रात ते नाही, स्लाइडवरही नाही. त्यांचे गुण तेवढेच राहिले की घटले, हे पहिल्या रांगेतला कोणीतरी विचारणारच.

सरासरीचा स्तंभालेखही नको. त्याऐवजी एकच आकृती करा: डावीकडे एक उभी मापपट्टी पूर्वचाचणीची, उजवीकडे एक उत्तरचाचणीची, दोन्हींवर ० ते २०, आणि प्रत्येक मुलासाठी डावीकडून उजवीकडे जाणारी एक रेघ. एकूण ३८ रेघा. चढणाऱ्या फिकट रंगात, उतरणाऱ्या आणि आडव्या गडद रंगात. ही आकृती वर्गाचे खरे रूप एका नजरेत दाखवते. सरासरी ते झाकते. स्तंभालेखाबद्दल माझे एक जुने दुखणे आहे, तेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिषदेत मी ५६ आणि ६२ टक्क्यांचे दोन स्तंभ दाखवले होते, आणि संगणकाने उभा अक्ष परस्पर ५० पासून सुरू केला होता, त्यामुळे दुसरा स्तंभ पहिल्याच्या बरोबर दुप्पट उंच दिसत होता. माझ्या ते लक्षातही आले नव्हते. शेवटच्या रांगेतून एका ज्येष्ठ शिक्षिकेने शांतपणे विचारले, ‘सर, तुमचा शून्य कुठे आहे?’ सभागृह हसले, मीही हसलो, पण त्यानंतर मी काय बोललो ते कोणी ऐकले नाही. आपल्या १९ व्या स्लाइडवरचा अक्ष ८ पासून सुरू होतो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

‘मागे असलेल्या १२ मुलांची सर्वांत जास्त प्रगती झाली’ अशीही एक स्लाइड आहे. ती ठेवायची असेल, तर सावध राहा. पहिल्या चाचणीतला सर्वांत कमी गुणांचा गट निवडला, की दुसऱ्या चाचणीत त्याची सरासरी काही न करताही थोडी वर येते, कारण त्या दिवशी नशीब, प्रकृती किंवा लक्ष यांनी दगा दिलेली मुले त्या गटात जास्त भरलेली असतात आणि दुसऱ्या वेळी तो दगा सर्वांना पुन्हा मिळत नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीबद्दल हेच दाखवले होते: फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नसतात, आणि फार बुटक्यांची त्यांच्याइतकी बुटकी नसतात. बारा मुलांची प्रगती यामुळे खोटी ठरत नाही; तिचे सगळे श्रेय स्लायडरला देता येत नाही एवढेच. त्याच चाचणीची पुन्हा भेट झाल्यामुळेही काही गुण वाढले असतील. हे दोन्ही आपणच एका वाक्यात सांगून टाका. आपल्या मर्यादा आपण आधी सांगितल्या, की समोरच्याला त्या शोधून काढण्याचा आनंद उरत नाही.

टी-चाचणीचे (सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे पाहणाऱ्या कसोटीचे) मूल्य चार दशांश स्थळांपर्यंत दिले आहे. ते कोणत्या रीतीने काढले हे तपासा. तीच मुले दोनदा मोजली आहेत, त्यामुळे प्रत्येक मुलाच्या दोन गुणांतला फरक घेऊन करायची जोडीची टी-चाचणी इथे लागते. दोन वेगळ्या गटांसाठीची वापरलेली असेल, तर उत्तर चुकीचे आहे. ही चाचणी डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली, ती थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची त्यांची रोजची अडचण सोडवण्यासाठी. आपल्या ३८ मुलांना ती लागू करण्यात गैर काही नाही. पण सभागृहात ते मूल्य एकदा उच्चारले तरी पुरे.

नियंत्रित गटाच्या प्रश्नाची आपल्याला भीती वाटते, ती मला अनाठायी वाटते. शेजारच्या तुकडीला दुसऱ्या शिक्षकाने खडू-फळ्यावर शिकवले असते आणि आपण दोन्ही तुकड्यांची तुलना केली असती, तरी फरक तंत्रज्ञानाचा की शिक्षकाचा, तासाच्या वेळेचा की मुलांच्या आधीच्या तयारीचा, हे वेगळे काढता आलेच नसते. कृतिसंशोधन हा शब्द समाजमानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मधल्या लेखाने रूढ केला, तेव्हाच त्याचे रूप वळणांच्या जिन्यासारखे होते: आखणी करा, कृती करा, काय झाले ते तपासा, आणि त्यावरून पुन्हा आखणी करा. त्यात ‘हे सगळीकडे लागू पडते’ असे सिद्ध करायचे नसते. ‘माझ्या वर्गात हे घडले, त्याचे कारण मला असे दिसते, म्हणून पुढच्या वेळी मी हे बदलणार आहे’ एवढे सांगायचे असते. तेव्हा प्रश्न आला, तर साधारण असे उत्तर द्या: ‘नियंत्रित गट नव्हता. गुण वाढले याचे श्रेय मी फक्त जिओजेब्राला देत नाही. मी आठ तासिका जास्त लक्ष देऊन शिकवले आणि मुलांनाही आपल्यावर काही प्रयोग चालला आहे हे माहीत होते. पण क्ष = ४ या प्रश्नात गुण घटले, आणि जास्त लक्ष दिल्याने गुण घटत नाहीत; त्यामुळे त्या एका प्रश्नाचे कारण मी फाइलीत शोधले.’ शेवटचे वाक्य नीट पाठ करा. प्रयोग चालू आहे या जाणिवेनेच माणसांचे वागणे सुधारते, या आक्षेपाला हॉथॉर्न परिणाम म्हणतात (शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेल्या प्रयोगांवरून हे नाव पडले, आणि त्या प्रयोगांतून खरेच तसे निघते का, यावर पुढे पुष्कळ शंका घेतल्या गेल्या), आणि तो वाढलेल्या गुणांना लागू पडतो, घटलेल्यांना सहजी पडत नाही. ज्या स्लाइडची आपल्या सहकाऱ्यांना धास्ती वाटते, तीच आपल्या संशोधनातली सर्वांत बळकट जागा आहे, ती अशी.

आपल्या निरीक्षण नोंदींत एक जागा आहे, जिच्यावरून आपण भरकन पुढे गेला आहात. तिसऱ्या तासिकेत म १ वर ठेवून मुले क चा स्लायडर ओढत होती, तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘बाई, रेषा डावीकडे चालली.’ आपण उत्तर दिले, ‘डावीकडे नाही, वर चालली, नीट बघ.’ ती गप्प बसली. बाई, ती बरोबर बघत होती. य = क्ष + ३ ही रेषा य = क्ष पासून तीन एकके वर गेली असे म्हणा किंवा तीन एकके डावीकडे गेली असे म्हणा, पडद्यावर तीच रेषा दिसते; ती क्ष-अक्षाला उणे ३ वर छेदते. म २ असता, तर तीच वाढ दीड एकक डावीकडे दिसली असती, आणि म ऋण असता, तर उजवीकडे. अनंत लांबीच्या सरळ रेषेवर खुणेचा बिंदूच नसतो, मग ती वर सरकली की बाजूला, हे डोळ्यांना कसे कळणार? कागदावर दोन बिंदू जोडून रेषा काढताना हा प्रश्न कोणा मुलाला पडत नाही. सरकणारी रेषा पाहिली म्हणूनच तो पडला. उभ्या रेषेच्या बाबतीत साधनाने एक गोष्ट झाकली, तर इथे त्याच साधनाने एक गोष्ट उघड केली, आणि आपण ती झाकली. हा संवाद जसाच्या तसा, आपल्या उत्तरासकट, एका स्लाइडवर लिहा आणि वाचून दाखवा. दोन मिनिटे त्यासाठी राखून ठेवा. आपली चूक व्यासपीठावर सांगणे जड जाते, हे मला कळते. पण शिक्षकांच्या परिषदेत त्याने मान खाली जात नाही, समोरच्या बहुतेकांनी असे उत्तर केव्हा ना केव्हा दिलेले असते. शक्य असेल, तर परिषदेपूर्वी त्या मुलीशी पुन्हा एकदा बोला आणि तेव्हा तिला नेमके काय दिसले होते ते विचारा.

थेट प्रात्यक्षिक करा, पण फक्त या दोन जागी, आणि एक मिनिटापेक्षा जास्त नाही. एकदा म वाढवत नेऊन रेषा उभी होत नाही हे दाखवायला, आणि एकदा क ओढून ‘वर की डावीकडे’ हे सभागृहाला विचारायला. सभागृहातल्या इंटरनेटवर भरवसा ठेवू नका. जिओजेब्रा संगणकावर आधीच उतरवून ठेवा आणि त्याच हालचालींची छोटी चित्रफीत स्लाइडमध्येही घालून ठेवा, म्हणजे काही अडले, तर माफी मागत बसावे लागणार नाही. अक्षांवरचे आकडे शेवटच्या रांगेतून वाचता आले पाहिजेत, तेव्हा अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये जाऊन चांगला मोठा करा. दोन्ही अक्षांचे प्रमाण एकास एक करून बंदिस्त करा; नाहीतर मोठे-लहान करताना हात चुकून एका अक्षावर पडला, की प्रमाण बिघडते आणि य = क्ष ही रेषा ४५ अंशांची दिसेनाशी होते. प्रोजेक्टर चित्र आडवे ताणत असेल, तरी तेच होते. थोडे आधी पोहोचून एक वर्तुळ काढून पाहा. पडद्यावर ते अंडाकृती दिसले, तर तंत्रज्ञाला गाठा.

छायाचित्रांविषयी. मुलांचे चेहरे दाखवायचे, तर पालकांची आणि शाळेची लेखी परवानगी हवी, आणि परवानगी असली, तरी त्या छायाचित्रांनी काय सिद्ध होते, हे स्वतःला विचारा. हसरे चेहरे उभ्या रेषेबद्दल काही सांगत नाहीत. उत्तरपत्रिका दाखवताना नाव, हजेरी क्रमांक आणि वरच्या कोपऱ्यातले गुण झाका, आणि संवादातल्या मुलीचा उल्लेख ‘एक विद्यार्थिनी’ असाच राहू द्या.

शेवटच्या दीड मिनिटात लेविन यांच्या जिन्याची पुढची पायरी दाखवा, म्हणजे आपण फाइल कशी बदलणार आहात ते. माझी सूचना अशी, की समीकरण अ × क्ष + ब × य = क या रूपात घ्या आणि अ, ब, क असे तीन स्लायडर द्या. ब शून्यावर आला, की रेषा उभी होते. अ शून्यावर आला, की आडवी. आणि दोन्ही शून्यावर आले, की रेषा नाहीशी होते, जिथे वर्गात आपोआप शांतता पसरते आणि कोणीतरी विचारते, ‘गेली कुठे?’ याची किंमतही आहे: या रूपात चढ एका स्लायडरमध्ये दिसत नाही, तो दोन आकड्यांच्या भागाकारात लपतो, म्हणून आपली जुनी फाइल टाकून द्यायची नाही, तिच्यानंतर ही वापरायची. किती तासिका कोणत्या फाइलीला द्यायच्या, हे आपण माझ्यापेक्षा चांगले ठरवाल. नव्या फाइलीवर मुलांना अजून बसवलेले नसेल, तर तसे सांगा. करून पाहिल्याशिवाय परिणाम सांगू नका.

‘धन्यवाद’ लिहिलेली स्लाइड लावू नका. प्रश्नोत्तरांच्या पाच मिनिटांत पडद्यावर काहीतरी राहणारच आहे, तर तिथे ३८ रेघांची आकृती आणि तिच्या शेजारी चार घरांचा तक्ता राहू द्या. लोक त्यांच्याकडे बोट दाखवून प्रश्न विचारतील आणि आपल्यालाही उत्तरे तिथेच सापडतील. आणि आडव्या रेषांचा गठ्ठा किती निघाला, ते मला जरूर कळवा.